तीनदा मोजणारा माणूस

आमच्या यांच्या हातून आयुष्यात एकच गोष्ट मोजायची राहिली, आणि त्या दिवशी नेमकी तीच मोजायची होती. असं त्यांच्यासमोर म्हटलेलं त्यांना अजून आवडत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

हे वजनकाटे दुरुस्त करतात. घराच्या खालच्या खोलीत त्यांचं काम चालतं. तिथे एक लांब बाक आहे, काचेच्या पेटीत एक नाजूक तराजू आहे आणि मखमल लावलेल्या डब्यात ओळीनं बसवलेली पितळी वजनं आहेत. त्या वजनांना बोट लावायचं नसतं, चिमट्यानं उचलायची असतात. घाम लागला की वजन बदलतं म्हणे. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी त्यातलं एक सहज हातात घेऊन पाहिलं, आमच्या संसारातलं पहिलं भांडण त्यावरून झालं. यांचा नियम एकच. कुठलीही गोष्ट तीनदा मोजायची आणि तिन्ही वेळा तोच आकडा आला तरच खरा धरायचा. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातल्या काट्यावर यांचा विश्वास बसेना. घरी आणल्यावर तिला दुपट्यासकट तीनदा तोलली, मग दुपटं वेगळं तोलून वजा केलं. दवाखान्याचा काटा चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता. पोरगी आता परगावी नोकरी करते, स्वतःच्या मुलांना शाळेत सोडते, पण ते चाळीस ग्रॅम हे विसरलेले नाहीत.

यांचे थोरले भाऊ याच्या अगदी उलट. त्यांची समोरच्या गल्लीत बेकरी होती. चाळीस वर्षं पाव भाजले, पण पीठ कधी मापून घेतलं नाही. मीठ किती घालायचं? पुरेसं. भट्टीत किती वेळ ठेवायचं? होईपर्यंत. जाऊबाई गेल्यापासून ते रात्रीचे आमच्याकडेच जेवतात, आणि येताना हातात काहीतरी भाजलेलं असतंच. ते यांना 'मिलीग्राम' म्हणतात, हे त्यांना 'अंदाजे' म्हणतात. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे सगळी गल्ली मला 'बाई' म्हणते, आणि भाऊजीही तसंच म्हणतात. जेवताना दोघा भावांची जुंपली की मला पुन्हा वर्गात बसल्यासारखं वाटतं, फक्त छडी नसते एवढंच.

मागच्या वर्षी भाऊजींची प्रोस्टेटची बायोप्सी झाली. रक्ताच्या तपासणीत पीएसएचा आकडा चढला होता, म्हणून डॉक्टरांनी ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासायला सांगितले. ते तुकडे गुदद्वारातून सुई घालून काढले. दहा मिनिटांचं काम, दुपारी घरी. तिसऱ्या दिवशी भाऊजींना थंडी वाजून आली. तीन पांघरुणांखाली त्यांचे दात वाजत होते, आणि काय होतंय म्हणून विचारलं की म्हणायचे, "काही नाही, हवा बदललीय." घरात थर्मामीटर नव्हता. स्वतःच्याच कपाळाला स्वतःचाच हात लावून त्यांनी ठरवलं की ताप अंदाजे कमी आहे. सुईच्या त्या रस्त्यानं जंतू रक्तात शिरले होते. पाच दिवस सलाइनमधून औषधं द्यावी लागली, आणि पहिल्या दोन दिवसांत ते वाचतात की नाही याची आम्हाला खात्री नव्हती.

वाचले. मग रिपोर्ट आला, कॅन्सर.

यांनी मानलंच नाही. ज्या काचांवर ते तुकडे तपासले होते, त्याच काचा हातात घेऊन हे तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत गेले. तिन्हींनी तेच सांगितलं. भाऊजी म्हणाले, "बाई, लोकांना एकदा होतो, मला मिलीग्रामनं तीनदा करवला." आम्ही सगळे हसलो, आणि पुढे वर्षभर मी यांची त्यावरून यथेच्छ चेष्टा केली. आजार लवकर सापडला होता. किरणांचे उपचार झाले, आकडा खाली आला, भाऊजी पुन्हा आमच्याकडे जेवायला यायला लागले. पण तो शब्द घरात शिरला तो शिरलाच.

आणि मग यांचा आकडा चढला.

तीनदा तपासला, तिन्ही वेळा चढलेलाच, म्हणून यांचीही बायोप्सी ठरली. एकाच आईची दोन मुलं. थोरल्याला जे निघालं तेच धाकट्यालाही निघणार का, एवढा एकच प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसला. मी चिडचिड करत होते ती त्यापायी. हे मात्र चौकटीच्या कागदाची वही घेऊन बसले. मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'मागचा रस्ता', दुसऱ्या बाजूला 'खालचा रस्ता'. मागचा म्हणजे भाऊजींचा. खालचा म्हणजे अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या कातडीतून सुई घालायची ती पद्धत. तीस वर्षं मुलांना शरीराचे भाग शिकवले असल्यामुळे मी ते शब्द सरळ उच्चारले, तर दोघेही भाऊ छताकडे बघायला लागले.

"अहो, छताला नाही प्रोस्टेट," मी म्हटलं.

वहीत सगळं होतं. मागच्या रस्त्यानं जंतुसंसर्गाची भीती जास्त, शौचावाटे रक्त जाऊ शकतं. खालच्या रस्त्यानं संसर्ग अगदी कमी, पण बसायच्या जागी काळंनिळं होतं, दुखतं. दोन्हींत लघवीतून काही दिवस रक्त, वीर्यातून काही आठवडे. ही शेवटची ओळ मी मोठ्यानं वाचली. भाऊजींना एकदम आठवलं की त्यांच्या घराचा नळ चालू राहिलाय.

यांना तपासणारी डॉक्टरीणबाई आमच्या मुलीपेक्षा लहान. यांनी आधी घसा साफ केला, मग वही पुढे सरकवली. तिनं ती नीट वाचली, एकदाही हसली नाही, आणि मला ती तिथेच आवडली.

"काका, फार छान केलंय. फक्त एक राहिलंय." तिनं आपल्या पेननं खालच्या रस्त्याच्या बाजूला एक ओळ लिहिली. लघवी अडकणे.

"किती टक्के?" यांनी विचारलं.

"फार जणांना नाही होत. पण तुमची ग्रंथी मोठी आहे, म्हणून तुम्ही लक्ष ठेवायचं. ताप तर बघाच, पण लघवी होतेय ना, किती होतेय, ते आधी."

यांनी मान डोलावली आणि त्या ओळीपुढे 'थोडे' असं लिहिलं. खालचा रस्ता ठरला. घरी येताना हे एखादी स्पर्धा जिंकल्यासारखे चालत होते.

"दादा, तू रस्ता न विचारता गेलास," रात्री जेवताना म्हणाले. "आणि वर थर्मामीटर नाही. मी असा नाही पडणार."

भाऊजींनी पाव मोडला. "बरं बाबा. तुझा रस्ता डांबरी."

बायोप्सीच्या दिवशी सगळं सुरळीत झालं. नऊ वाजता आत नेलं, कातडी बधिर करून तुकडे घेतले, अकराच्या सुमाराला यांना लालसर लघवी झाली, म्हणून नर्सनं घरी सोडलं. जाताना तिनं एक कागद दिला आणि प्लॅस्टिकचं, आकड्यांच्या रेघा असलेलं एक भांडं दिलं.

"दर वेळी यात करायची, आकडा लिहायचा. सहा तासांत नीट झाली नाही, किंवा नुसती थेंबथेंब होत राहिली, तर वाट बघायची नाही, लगेच यायचं."

"हो," हे म्हणाले. मीही म्हटलं, हो.

घरी आल्यावर यांनी टेबलावर तीन थर्मामीटर मांडले. एक पाऱ्याचा, दोन नवे. दर तासाला तिन्ही लावायचे, तिन्हींची सरासरी काढायची. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. पाणी भरपूर प्या असं कागदावर होतं, म्हणून पाणीही मापून. दुपारी चारपर्यंत एक लिटर नऊशे वीस मिलिलिटर पोटात गेलं, तेही वहीत लिहिलेलं. आणि ते भांडं? भांड्याच्या रेघांबद्दल यांच्या मनात पाल चुकचुकली. दोनशेच्या रेघेपर्यंत पाणी भरलं, खाली जाऊन तराजूवर ठेवलं, भांड्याचं वजन वजा केलं. तीनदा. एकशे अठ्ठ्याऐंशी.

"बघ," खालून वर ओरडले, "हे भांडं खोटं आहे!"

"असू दे की! बारा मिलिलिटरनं काय जग बुडतंय?"

"चुकीच्या मापानं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं."

हे वाक्य मी शाळेत असते तर लाल पेननं खोडलं असतं. घरी होते, म्हणून चहा ठेवायला गेले. यांनी भांड्याला कागदाची बारीक पट्टी चिकटवली, वजन करून करून त्यावर नव्या रेघा मारल्या, आणि पट्टी भिजू नये म्हणून वरून लाखेचा हात दिला. लाख वाळायला वेळ लागतो. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. भांडं बाकावर वाळत पडलं, आणि हे मधून मधून न्हाणीघरात जाऊन येत होते.

"होतेय ना?" मी विचारायची.

"होतेय, होतेय," हे म्हणायचे. "माप लागलं की लिहितो."

मी तरी काय दिवे लावले? मला फक्त भाऊजींचे वाजणारे दात आठवत होते. दर तासाला मी जाऊन कपाळाला हात लावत होते, कपाळ गार लागलं की देवाचे आभार मानत होते आणि परत कामाला लागत होते. दुधानं तोंड भाजलं होतं भाऊजींचं, आणि ताक फुंकत बसलो होतो आम्ही दोघं. पाचच्या सुमाराला हे खुर्चीच्या कडेवर बसायला लागले. बसायची जागा दुखते, सांगितलंच होतं. साडेपाचला माझ्यावर विनाकारण खेकसले. सहाला चेहरा घामानं भिजला होता, पण तिन्ही थर्मामीटर एकदिलानं अठ्ठ्याण्णव पॉइंट तीन सांगत होते, आणि यांनी तो आकडा मला विजयानं दाखवला.

साडेसहाला भाऊजी आले. कागदात गुंडाळलेले पाव टेबलावर ठेवले, भावाकडे एकदा पाहिलं, वहीकडे पाहिलं.

"ताप?"

"नाही," हे दात ओठांवर रोवून म्हणाले. "दादा, एक दशांशसुद्धा नाही."

"ते दिसतंय. लघवीला किती वेळा गेलास?"

"सात-आठ वेळा."

"झाली किती?"

यांनी वहीचं पान उलटलं.

"अरे, किती झाली?"

"ते... ते मोजमाप अजून सुरू नाही झालं. भांडं वाळतंय."

भाऊजी माझ्याकडे वळले. त्यांचा तो चेहरा मी त्याआधी एकदाच पाहिला होता, जाऊबाईंच्या वेळी. पुढे होऊन त्यांनी भावाचा सदरा वर केला आणि बेंबीखाली सपाट हात ठेवला. चाळीस वर्षं त्या हातानं पीठ किती फुगलंय ते दाबून पाहिलेलं. यांनी "आई गं" केलं.

"दगड झालाय," भाऊजी म्हणाले. "थेंबथेंब येतेय ना?"

"येतेय म्हणजे होतेयच की."

"पातेलं उतू जातं तेव्हा चार थेंब बाहेर येतात, म्हणून पातेलं रिकामं असतं का रे? ऊठ. बाई, चप्पल घाला."

वहीच्या एका पानावर आत गेलेलं पाणी मिलिलिटरपर्यंत लिहिलेलं होतं, बाहेर आलेल्याचं पान कोरं होतं. मी तीस वर्षं वह्या तपासल्या आणि ते कोरं पान सबंध दुपार माझ्या नजरेसमोर पडून होतं. रिक्षात मी यांचा हात धरून बसले होते, आणि खरं सांगते, मला रडायला येत होतं आणि यांना एक द्यावीशीही वाटत होती. भाऊजी पुढे बसून रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याआधी "हळू" म्हणत होते.

दवाखान्यात सकाळचीच नर्स होती. तिनं एक प्रश्न विचारला, एकदा पोट दाबलं, आणि पडदा ओढून नळी घातली. आधी यांचं कण्हणं, मग नळीतून पिशवीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज, आणि त्यानंतर यांनी सोडलेला असा एक सुस्कारा, की बाहेर बाकावर बसलेल्या आमचा जीव भांड्यात पडला.

"नऊशे मिलिलिटर," नर्स आतून म्हणाली. "काका, आणखी उशीर केला असता तर मूत्राशयच दुखावलं असतं, मग नळी किती दिवस राहिली असती कोण जाणे."

मग यांचा क्षीण आवाज आला, "ती पिशवी... तपासलेली आहे का?"

भाऊजी एवढे हसले, एवढे हसले, की नर्स त्यांना गप्प करायला बाहेर आली. हसता हसता त्यांनी बाहीनं डोळे पुसले, आणि बराच वेळ पुसतच राहिले.

तीन दिवस नळी राहिली. हे पिशवी हातात धरून खालच्या खोलीत बसायचे आणि कुणी गिऱ्हाईक आलं की ती बाकाखाली लपवायचे. भाऊजी रोज येऊन विचारायचे, "डांबरी रस्त्यावर खड्डा कसा काय लागला?" हे ऐकून घ्यायचे. एकदा मात्र म्हणाले, "दादा, तुझ्या तापाला मी वर्षभर हसलो. चुकलं माझं." भाऊजी म्हणाले, "अंदाजे चुकलं." नळी काढल्यावर यांना आपली आपण नीट झाली. ते लाख लावलेलं भांडं यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वापरलं. तीनशे दहा. मला वहीत दाखवायला धावत आले, पोरानं पैकीच्या पैकी मार्क दाखवावेत तसे.

पण हसायचं ते एवढंच. रिपोर्ट यायचा होता. हे खालच्या खोलीत जायचे आणि काम न करता बसायचे. चिमटा हातात, वजन डब्यात. मी जिन्यावरून बघायची आणि खाली न जाता परत वर यायची.

बाराव्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसलो. तिनं कागद उघडला आणि उगाच ताणलं नाही.

"कॅन्सर नाही. एकाही तुकड्यात नाही. ग्रंथी मोठी झालीय, थोडी सूज आहे, आकडा त्यानं चढलाय. सुईतून एखादं बारीक काही निसटू शकतं, म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त तपासत राहू. पण आज मी निश्चिंत आहे."

माझ्या तोंडातून शब्द फुटले, आणि भलतेच फुटले. "मग काचा कधी मिळतील?" मी विचारलं. "नाही म्हणजे, यांना दुसरीकडेही दाखवायच्या असतील ना. तीन ठिकाणी."

"हो, देऊ की," डॉक्टरीणबाई म्हणाली. "हवं तर जरूर दाखवा."

यांनी कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"नको," म्हणाले. "एकदा पाहिलंय तुम्ही. पुरे."

मी यांच्याकडे बघतच राहिले. घड्याळ तीनदा पाहणारा, कुलूप तीनदा ओढणारा, पोटच्या पोरीला तीनदा तोलणारा हा माणूस. आम्ही बाहेर आलो. कॉरिडॉरमध्ये लिफ्टची वाट बघत उभे राहिलो. भाऊजी भिंतीला टेकले होते. त्यांना आनंद झाला होता, तो दिसत होता, पण त्याच्या मागे आणखीही काहीतरी होतं, आणि त्याला आम्ही दोघंही नजर देत नव्हतो.

"का रे मिलीग्राम," शेवटी भाऊजीच म्हणाले. चेष्टेचा सूर लावला होता, पण तो नीट लागला नाही. "माझ्या वेळी तीन प्रयोगशाळा पालथ्या घातल्यास. स्वतःच्या वेळी एकदाच पुरे?"

हे लिफ्टच्या बंद दाराकडे बघत होते.

"दादा," म्हणाले, "तुझ्या वेळी मला तो काटा खोटा निघायला हवा होता."

लिफ्ट आली. दार उघडलं, आत कुणी नव्हतं. आम्ही कुणी आत गेलो नाही, दार पुन्हा बंद झालं. भाऊजींनी हात पुढे करून यांच्या मानेवर ठेवला, तो तसाच ठेवला. वर्षभर मी ज्या तीन प्रयोगशाळांवरून हसत होते, त्यांच्या पायऱ्या हा माणूस काय मनात धरून चढला असेल ते मला त्या कॉरिडॉरमध्ये कळलं, आणि मला दोघांकडेही बघवेना. मी लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं.